अठरापर्यंत मोजलं तेव्हा

रविवार, ५ ऑक्टोबर

आत्या,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं गृहीत धर, कारण आधी एक चूक दुरुस्त करायची आहे. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की एक्केचाळीस नंबरच्या बटाट्याची चव आपण बुधवारी घेतली आणि बटाटे तू सोललेस. दोन्ही चूक. तो मंगळवार होता, तीन जून, आणि बटाटे मी सोलले. तू तेव्हा दारात उभी राहून केंद्राच्या साहेबांशी वरच्या शेताच्या पाण्यावरून वाद घालत होतीस. पत्र टपालात टाकून परत येताना लक्षात आलं, आणि तेव्हापासून ते दातात अडकलेल्या तंतूसारखं टोचतंय.

एवढ्याशासाठी नवं पत्र, असं तू म्हणशील. म्हण. निदान काहीतरी म्हण.

इथलं, केंद्रावरचं सांगते. तुझ्या टेबलावर कुणी बसत नाही, पण सगळे त्यावर छत्र्या ठेवतात. खिडकीतली रानटी बटाट्याची रोपं मी जगवली आहेत. त्यांच्या वाटेला भुंगेरे अजून जात नाहीत. शेजारच्या कुंडीतल्या साध्या बटाट्याच्या पानांची मात्र त्यांनी पार चाळण केली. साहेब परवा येऊन दोन्ही कुंड्यांकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "बाई हुशार होत्या यात वाद नाही." 'होत्या' म्हणाले. मी पाणी घालत राहिले.

सोमवारी चौकशी समितीचा कच्चा अहवाल आला. ज्यांनी जबाब दिले त्यांना तो वाचायला देतात, म्हणून माझ्याही हातात पडला. तुला पाठवला असेलच, पण तू पाकीट फोडलं नसशील अशी शंका आहे, म्हणून महत्त्वाचा भाग जसाच्या तसा उतरवते:

"चौदा जून रोजी लागवडदारांच्या बैठकीनंतर केंद्राच्या भोजनगृहात एक्केचाळीस नंबरच्या नव्या वाणाचे बटाटे सालीसकट भाजून वाढण्यात आले. तेवीस जणांना उलट्या आणि पोटदुखीचा त्रास झाला; केंद्राच्या आचाऱ्याला तीन दिवस रुग्णालयात ठेवावं लागलं. उरलेल्या बटाट्यांत कडू अल्कलॉइडचं प्रमाण शंभर ग्रॅममागे एकतीस मिलिग्रॅम निघालं. सुरक्षित मर्यादा वीस आहे. वाण तयार करणाऱ्या संशोधिकेने अकरा दिवस आधी स्वतः चव घेऊन 'कडू नाही, खवखव नाही' असं चव-पत्रकावर लिहून सही केली होती. जेवताना इतरांनी दोन-तीन घासांनंतर ताट बाजूला सारलं. संशोधिकेने मात्र पूर्ण ताट संपवलं आणि 'छान झालाय' असं सर्वांसमोर म्हटलं. यावरून वाणातला दोष त्यांनी जाणूनबुजून लपवला, असा निष्कर्ष निघतो."

जाणूनबुजून. मी तो शब्द जिन्यात उभी राहून वाचला. मग खाली जाऊन हात धुतले. का, ते माहीत नाही.

मंगळवारची दुरुस्ती करून ठेव.

तुझी शंकासूर


रविवार, १९ ऑक्टोबर

आत्या,

उत्तर नाही. बाबांना फोन केला. म्हणाले, "तुझी आत्या ठणठणीत आहे. मैत्रिणीच्या कोंबड्या सांभाळते. कोंबड्या तिला टरकून असतात." मी विचारलं, माझी पत्रं वाचते का? "ते कोंबड्यांना विचार." तुझाच भाऊ, शोभतो अगदी.

आणखी एक चूक आहे. ही पत्रातली नाही, जबाबातली आहे.

जुलैमध्ये तुझी मदतनीस म्हणून समितीने मला बोलावलं तेव्हा अध्यक्षांनी अगदी मायेनं विचारलं होतं, "त्या दिवशी चव कोणी घेतली, बाळ?" मी म्हटलं, "नक्की आठवत नाही." त्यांनी लिहून घेतलं आणि मला पाणी दिलं. आत्या, मला तीन जूनला पातेल्यात किती फोडी होत्या तेही आठवतं. बारा होत्या.

अंक मी शाळेत शिकले नाही, तुझ्या स्वयंपाकघरात शिकले. शाळेत नाव घालायच्या आधीपासून तू मला ओट्याजवळच्या स्टुलावर बसवायचीस, उकडलेल्या बटाट्याची बिनमिठाची फोड जिभेवर ठेवायचीस आणि म्हणायचीस, "मोज." दहाच्या आत कडू लागलं तर ते एक लक्षण. पंधराच्या पुढे जिभेच्या मुळाशी खवखवलं तर दुसरं, आणि ते जास्त वाईट. तीसपर्यंत काहीच नाही, तर गिळायचं. पहिलीच्या बाईंनी मला अंक म्हणायला सांगितले तेव्हा मी तीसवर थांबून आवंढा गिळला होता. बाबा ती गोष्ट अजून लोकांना सांगतात.

एकदा तू मला रानटी बटाटा दाखवलास, गोटीएवढा, जांभळट. मी विचारलं होतं, हा कडू का?

"त्याला पळता येत नाही म्हणून."

"मग आपला का नाही कडू?"

"आपण त्याला म्हटलं, तू कडू होऊ नकोस, तुझी राखण आम्ही करू. त्यानं ऐकलं. पिढ्यानपिढ्या आपण गोड तेवढे निवडून लावले. आणि आता बघ, साधा भुंगेरा आला तरी बिचाऱ्याकडे काही नाही, आपणच फवारे मारत बसतो."

तुझं सगळं काम त्यातच आहे. रानटी बटाट्याचं कडूपण परत आणायचं, पण पानांत. कंदात उतरू द्यायचं नाही. चौदा वर्षं तू त्या दोघांचे संकर करत राहिलीस, आणि दर वर्षी शेकडो रोपांतून चार-पाच निवडायचीस, ती जिभेनं. जहर मोजणाऱ्या यंत्राचा आकडा नंतर यायचा आणि तुझ्या मागोमाग चालायचा. यंत्रवाल्या बाई म्हणायच्या, "तुमच्या आत्यांनी फक्त मिलिग्रॅम तेवढे सांगायचे बाकी ठेवलेत."

आता जे लिहिणार आहे ते लिहायला तू मला मनाई केली आहेस. पण हे पत्र तुलाच आहे, दुसरं कुणी वाचणार नाही.

चार वर्षांपूर्वीचा तो ताप. अकरा दिवसांनी तू कामावर आलीस आणि नेहमीसारखं रानटी रोपाच्या पानाचं टोक तोडून जिभेवर ठेवलंस. ते ठेवलं की तू लगेच थुंकायचीस आणि एक शिवी द्यायचीस. मी शिवीची वाट बघत होते. तू चावत राहिलीस. माझ्याकडे बघत, काकडी चावावी तशी. मग थुंकलीस, चूळ भरलीस आणि म्हणालीस, "दार लाव."

त्या दिवसापासून चव मी घेत होते आणि सही तू करत होतीस. "जीभ परत येईल, डॉक्टर म्हणाले, दोन-चार महिने," असं तू म्हणायचीस. आली नाही. "कुणाला बोललीस तर माझं तोंड बघू नकोस," हेही तूच म्हणालीस. मी बोलले नाही. तरी तुझं तोंड मला ऑगस्टपासून दिसलेलं नाही.

म्हणजे जबाबातली दुरुस्ती अशी: चव कोणी घेतली ते मला आठवतं. मी घेतली.

शंकासूर


रविवार, २ नोव्हेंबर

आत्या,

आचारीकाकांकडे गेले होते. जूनपासून जायचं होतं, पायच निघत नव्हता. ते आता बरे आहेत, थोडे वाळलेत. दार उघडून म्हणाले, "ये. चहा घे. घाबरू नकोस, यात बटाटा नाही."

मी म्हटलं, तुमची माफी मागायला आले.

"कसली माफी? तीस वर्षं मी त्याला सोलतोय. एक दिवस सोललं नाही, तर त्यानं मला सोललं. फिट्टंफाट." त्यांच्या बायको आतून ओरडल्या, "पंचविसाव्यांदा सांगताय हे!" काका म्हणाले, "अगं, हिला पहिल्यांदा सांगतोय."

मग बशीतला चहा फुंकत ते म्हणाले, "एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. मी स्वयंपाकी माणूस. माझं काही बिघडलं तर मला लोकांच्या तोंडावर आधी दिसतं. त्या दिवशी हॉलभर तोंडं वाकडी झाली होती. एकट्या तुझ्या आत्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. ना बरं, ना वाईट. कागद खावा तशी खात होती बाई. समितीवाले म्हणतात निगरगट्ट आहे. मला नाही तसं वाटलं."

"मग काय वाटलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जाऊ दे. मोठ्या माणसांच्या गोष्टी."

मी चहा संपवला. निघताना ते सहज म्हणाले, "सालीसकट भाजू का म्हणून मी तुलाच विचारलं होतं ना त्या सकाळी? का दुसऱ्या कुणाला?"

मी म्हटलं, "मलाच."

"मग बरोबर. मी म्हटलं, माझीच आठवण गेली की काय."

दारापर्यंत सोडायला आले आणि पिशवीभर लिंबं दिली.

त्या जेवणानंतरच्या संध्याकाळचं मी कुणालाही सांगितलेलं नाही. दोन-तीन घास खाल्लेल्यांना एवढा त्रास झाला. तू तर ताट संपवलं होतंस. तू न्हाणीघराच्या फरशीवर भिंतीला टेकून बसली होतीस आणि मी बादली धरली होती. डॉक्टर बोलावते म्हटलं तर तू हात धरलास. "त्या आजाऱ्यांत माझा आकडा घालायचा नाही." मला वाटलं मानी आहेस. मग मध्येच, डोळे मिटून, तू विचारलंस, "खूप कडू होता का गं?" मी "हो" म्हटलं. तू मान हलवलीस. हे तुला आठवतं का, माहीत नाही. तू अर्धवट ग्लानीत होतीस.

अजून एक, आणि हे तू वाचायलाच हवंस. यंत्रवाल्या बाईंनी सांगितलं की अंतिम अहवालानंतर तुझी सगळी चव-पत्रकं बाद ठरणार. चौदाही वर्षांची. "ज्या बाईनं एकदा जाणूनबुजून खोटी सही केली, तिच्या बाकीच्या सह्या कशा धरायच्या?" असं साहेबांचं म्हणणं. त्या पत्रकांवरून निवडलेल्या सगळ्या वाणांचं बियाणं शीतगृहातून काढून टाकणार आहेत. बाईंना वाईट वाटत होतं. त्या म्हणाल्या, "पहिल्या काही वर्षांत आम्हाला यंत्रच नव्हतं. तेव्हाच्या निवडींना त्यांच्या जिभेशिवाय दुसरा पुरावाच नाही."

पण आत्या, त्यांतली पहिली दहा वर्षं खरी आहेत. ती तुझ्या जिभेची आहेत. जीभ कधी गेली ती तारीख कळली, तर दहा वर्षांचं काम वाचतं आणि फक्त शेवटच्या चार वर्षांचं, म्हणजे माझं, संशयात येतं. तू ती तारीख सांगत नाहीस. तुला लबाड म्हटलेलं चालतं, जीभ गेली म्हटलेलं चालत नाही. हे मला समजत नाही. समजावून सांग.

तुझी


बुधवार, १२ नोव्हेंबर

आत्या,

गेल्या तीन पत्रांत मी दुरुस्त्या केल्या. सगळ्या खऱ्या आहेत आणि सगळ्या बाजूच्या आहेत. वाळतं झाड सोडून कुंडी पुसत बसावं तसं चाललंय माझं. आता मधलं लिहिते.

तीन जूनला तू केंद्रावर यायच्या आधी मी एकटीनं एक्केचाळीसची चव घेतली होती. सकाळी साडेआठला. साल कागदासारखी पातळ काढली, तुझ्या नियमाप्रमाणे, कारण कडूपण सालीच्या लगेच खाली बसतं आणि जाड सोललं तर चव घेण्याला काही अर्थच राहत नाही. उकडलं. फोड ठेवली. मोजायला लागले. दहापर्यंत काही नाही. अठराला खवखवलं.

अठरा, एकोणीस, वीस. मुळाशी, नखानं खरवडावं तसं. मी गिळलं नाही.

मग मी विचार करायला लागले, आणि तिथेच सगळं बिघडलं. तुला सत्तावीस आणि तेहतीस नंबर आठवतात? दोन्ही मी "खवखवतंय" म्हणून टाकायला लावले. नंतर यंत्रावर एकाचे सात मिलिग्रॅम निघाले आणि दुसऱ्याचे नऊ. चांगले वाण होते दोन्ही, कुजून गेले. तू रागावली नाहीस. फक्त हसून म्हणालीस, "तुला साखरही टोचेल गं." तू ते प्रेमानं म्हणालीस हे मला माहीत आहे. पण त्यानंतर मी घरी चोरून साध्या बटाट्यांचीही चव घेऊन बघायचे, आणि मला मोजताना बाजारातल्या बटाट्यानंसुद्धा अठराला खवखवायचं. कधी विसाला. मला कळेनासं झालं की खवखव बटाट्यात आहे की माझ्यात.

आणि एक्केचाळीस हा तुझा शेवटचा होता. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. त्याच्या पानांना सलग तिसऱ्या वर्षी एकही भोक नव्हतं. आधीच्या दोन वर्षांचे यंत्राचे आकडे तेरा आणि पंधरा, मर्यादेत. म्हणून नियमानं या वर्षी नुसती चव पुरत होती. ती दोन्ही वर्षं थंड होती, पाऊस वेळेवर होता, हे मला माहीत होतं. या वर्षी वरचं शेत तापलं होतं, पाणी मिळालं नव्हतं, आणि झाडाला त्रास झाला की ते कंदातही जहर वाढवतं, हेही माहीत होतं. तूच शिकवलंस.

साडेनऊला तू आलीस. साहेबांनी तुला दारात अडवलं. मी त्या पाच मिनिटांत दुसरे बटाटे घेतले आणि जाड सोलले. बोटाच्या अर्ध्या पेराएवढं जाड. सुरी आपोआप तशी चालली असं मी स्वतःला पाच महिने सांगत आले आहे. सुरी आपोआप चालत नाही. सोलल्यावर गर इतका थोडा राहिला की बाराच फोडी झाल्या, एरवी वीस होतात. उकडलं. तुझ्यासमोर खाल्लं. तीसपर्यंत मोजलं आणि खरंच काही आलं नाही. तू विचारलंस, "काय?" मी म्हटलं, "कडू नाही, खवखव नाही." ते वाक्य शब्द न शब्द खरं होतं. मी ते वाक्य खरं व्हावं म्हणून बटाटा सोलला होता.

तू सही केलीस.

चौदा तारखेच्या सकाळी आचारीकाकांनी विचारलं, "सालीसकट भाजतो, साहेबांना दिसायला छान हवंय. चालेल ना?" नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "चालेल."

मग हॉलमध्ये तुझ्या शेजारी बसून मी पहिला घास घेतला आणि मोजायचीही गरज पडली नाही. आजूबाजूला लोक चमचे खाली ठेवत होते. तू खात होतीस. मी तुझ्या ताटाला हात लावायला हवा होता. हळूच म्हणायला हवं होतं, आत्या, थांब. तेवढ्यात तू साहेबांकडे बघून म्हणालीस, "छान झालाय," आणि सगळे तुझ्याकडे बघायला लागले. मी तुला थांबवलं असतं तर तुझी जीभ गेलेली सगळ्यांना कळली असती. मी तुला दिलेला शब्द पाळला. असा शब्द पाळलेला मला दुसरा आठवत नाही.

मला माफ कर असं लिहिणार होते. नको. आधी वाच.


गुरुवार, २० नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र सोमवारी आलं. अक्षर बघून पाकीट न फोडता दिवसभर पिशवीत घेऊन फिरले. फोडलं बसथांब्यावर. मला वाटलं होतं तू शिव्या देशील, किंवा कोंबड्यांबद्दल लिहिशील. तू जे लिहिलंस ते मी इथे पुन्हा उतरवते, कारण एकदा माझ्या हातानं लिहिल्याशिवाय ते मला खरं वाटणार नाही:

"शंकासूर, पत्रं मिळाली, पाचही. इतक्या दुरुस्त्या केल्यास, एक माझ्याकडून घे. मंगळवारी तू सोललेल्या साली ओट्याखालच्या बादलीत पडल्या होत्या. साहेबांशी बोलून आत येताना मी त्या पाहिल्या. माझी जीभ गेली आहे, डोळे शाबूत आहेत. एवढी जाड साल तू कधीच काढत नाहीस. का काढलीस ते मला तेव्हाच कळलं. विचारलं असतं तर तू पाच सेकंदांत रडून सगळं सांगितलं असतंस. म्हणून विचारलं नाही. मला तो वाण हवा होता. समितीनं लिहिलेला शब्द बरोबर आहे. ताट संपवलं ते चव कळत नव्हती म्हणून नाही, लोकांची तोंडं मलाही दिसत होती. संपवलं, कारण ते माझं होतं. आता तू गप्प बस. तुझी नोकरी सांभाळ. माझ्या जिभेबद्दल कुणाशी बोलायचं नाही, ती माझी होती. आत्या."

दोन बस गेल्या. मी तिथेच.

पहिल्यांदा मला तुझा राग आला. खरा राग. पाच महिने मी एकटीनं जे ओझं वाहत होते, त्याचं दुसरं टोक तुझ्या हातात होतं आणि तू ते मला सांगितलं नाहीस. बादली मी धरली होती आत्या, आणि तू मला विचारलंस, खूप कडू होता का गं. माझ्याकडून "हो" ऐकायचं होतं तुला, एवढंच. आपण दोघींनी एकाच ओट्यापाशी उभं राहून एकमेकींना न सांगता एकच गोष्ट केली. तुला वाटलं तू मला वाचवते आहेस, मला वाटलं मी तुला.

मग राग उतरला, आणि खाली जे होतं ते रागापेक्षा वाईट. तू सालींकडे बघितलंस आणि विचारलं नाहीस, कारण मी रडले असते. तू मला इतकी ओळखतेस. आणि इतकी ओळखूनही लहानपणी स्टुलावर बसवलेल्या मुलीला म्हणायचीस ते एवढंसं "मोज" तुझ्या तोंडून निघालं नाही. निघालं असतं तर मी तुझ्यासमोर पातळ सोलून पुन्हा मोजलं असतं. आचारीकाकांची तीन दिवसांची सलाईन वाचली असती.

गप्प बसणं मला जमणार नाही. का ते सांगते, आणि तू मला शिकवलंस तसंच क्रमानं सांगते.

समितीचा शब्द तू कबूल करतेस. पण ज्या कारणासाठी त्यांनी तो लिहिला, ते कारण खोटं आहे. त्यांना वाटतं तुझ्या जिभेला कळलं आणि तू लपवलंस. म्हणूनच ते तुझ्या चौदा वर्षांच्या जिभेवर काट मारायला निघाले आहेत. तुझ्या जिभेनं कधीही खोटं सांगितलं नाही. ती होती तोवर खरं बोलली आणि गेल्यावर गप्प राहिली. खोटं माझी सुरी बोलली. दहा वर्षांची पत्रकं माझ्या सुरीपायी जाळायची, हे मी बघू शकत नाही.

मी खूप विचार केला की तुझी जीभ मध्ये न आणता फक्त माझं सांगता येईल का. कागदावर लिहूनही पाहिलं. "मी जाड सोलून आत्याला फसवलं." अध्यक्षांचा पहिलाच प्रश्न काय असेल, तुलाही माहीत आहे: "मग त्यांनी स्वतः चव का नाही घेतली?" त्याला दुसरं उत्तर नाही. म्हणून ते सांगावं लागेल, तापाच्या तारखेसकट. तुला दिलेला शब्द मी मोडणार आहे. तोंड बघू नकोस म्हणालीस, ती शिक्षा मला मान्य आहे. तशीही चालूच आहे.

तू बादलीतल्या साली पाहिल्यास, हे मी आपणहून सांगणार नाही. ते तुझं आहे, तुझ्या तोंडून यावं. पण कुणी थेट विचारलं तर "आठवत नाही" म्हणणार नाही. ते वाक्य मी एकदा वापरलंय, आता पुन्हा नाही. हे तुला आधीच सांगते, म्हणजे मागून दगा दिला असं होणार नाही.

नोकरी जाईल बहुतेक. यंत्रवाल्या बाईंना काल एवढंच विचारलं की जबाब बदलता येतो का. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "येतो. पण बसून बदल, उभ्यानं नको. मी आयुष्यात जी मूर्खपणाची कामं केली ती सगळी उभ्यानं केली." मग त्यांनीच समितीच्या कारकुनाला फोन लावून दिला. बाबांना आज सांगितलं. ते म्हणाले, "आत्याला आधी कळव. पेपरातून नको कळायला." म्हणून हे पत्र मी टपालपेटीत न टाकता तातडीच्या टपालानं पाठवते आहे, परवापर्यंत तुला मिळेल.

अंतिम अहवालावर शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला सह्या होणार आहेत. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत जबाब बदलता येतो. जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, जिथे जुलैमध्ये मला पाणी दिलं होतं त्याच खोलीत. टेबलाच्या या बाजूला दोन खुर्च्या असतात, मी तेव्हा पाहिलं होतं. तुझ्या गावाहून पहाटेची बस दहाच्या सुमाराला इथे पोचते. तू आलीस तर आधी तू बोल, मी थांबेन. मला अडवायला आलीस तरी ये. मी मात्र जाणार आहे, गुरुवारी, सत्तावीस नोव्हेंबरला, सकाळी अकरा वाजता.